फोटोतला तांबडा

गेल्या दिवाळीत मी म्हसवडला गेले होते, तेव्हा आईनं ट्रंकेतून एक फोटो काढला. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर जुन्या लुगड्याची घडी ठेवून तिनं तो जपला होता. फोटोत आई आणि अक्का गालाला गाल लावून उभ्या आहेत, मागं गल्लीतली भिंत आहे. लाल काचेतून बघावं तसा सगळा फोटो तांबडा झाला होता.

"अक्काचा हाय," आई म्हणाली. "लय इटलाय. तुला येतंय न्हवं ह्ये? नीट करून आण. मंग भिताडाला लावू. येता-जाता दिसंल तरी."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. गेली वीस वर्षं ती तमिळनाडूत असते. तिच्या नवऱ्याचं तिथं गलाईचं दुकान आहे. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं हे काम. आमच्या माण-खटाव-आटपाडीकडची घरंच्या घरं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. अक्का शेवटची आली ती वडील गेले तेव्हा. त्यालाही सहा वर्षं झाली. मध्ये फोन होतात, फोनवर तोंडही दिसतं, पण आईला ते पटत नाही. "त्यात ती हालतीया," असं ती म्हणते. तिला अक्का एका जागी, भिंतीवर हवी होती. आणि मला ती करून द्यायची होती, अगदी बरोबर. कारण मी आज जी काही आहे, ती अक्कामुळे आहे. आमच्या घरात पहिली पदवी माझी. मी साताऱ्याच्या वसतिगृहात राहून शिकत होते, तेव्हा घरी वडिलांच्या मागावर अक्का बसत होती. घोंगडीच्या धाग्यांना लावायची चिंचोक्याची खळ तिच्या बोटांना सदा चिकटलेली असायची. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. मीही कधी नीट आभार मानले नाहीत. बहिणीचे आभार कसे मानतात ते मला अजून माहीत नाही.

म्हणून मी सांगलीला परत आल्यावर फोटो छापायचा प्रिंटर आणि एक चांगला मॉनिटर आणला. विश्रामबागेतल्या माझ्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत, खिडकीजवळ ते मांडलं. मला वाटलं होतं, आता फक्त बटण दाबायचं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. प्रकाशावरचे धडे दरवर्षी शिकवते. पण पहिला चाचणी-फोटो बाहेर आला तेव्हा मी तो हातात धरून नुसती बघत राहिले. पडद्यावर खालच्या काकूंच्या कुंडीतली शेवंती पिवळीधमक होती. कागदावर ती हळदीचे हात पुसलेल्या फडक्यासारखी मळकट आली होती.

मग शिकत गेले. पडद्याचा उजेडच मुळात फार होता, म्हणून कागद काळपट वाटत होता. तो निम्म्याच्या खाली आणला. पांढरा कागद पडद्याशेजारी धरला, तर पडद्याचा पांढरा निळीत बुडवून काढलेल्या धोतरासारखा दिसला. तो निळेपणा थोडा थोडा काढला. प्रत्येक कागदाची शाई पिण्याची तऱ्हा वेगळी, हेही कळलं. एकाच शेवंतीचे मी पंचवीस-तीस फोटो काढले असतील. ओली शाई वाळायला ते पलंगावर पसरलेले असायचे. घरमालकीण काकू वर आल्या की दारातच थबकायच्या.

"अगं बाई, फोटो आहेत का पापड? एवढं करून शेवंती तीच की!"

"रंग जुळत नाही ना काकू."

"माझ्या कुंडीतली रोज वेगळी दिसते. तिला कुणाशी जुळवतेस तू?"

त्या गमतीनं बोलल्या, पण मी नंतर खिडकीतून कुंडीकडे बराच वेळ बघत होते.

खोलीची भिंत अबोली रंगाची आहे. तिचा रंग कागदावर पडतो हे लक्षात आल्यावर मी मॉनिटरच्या मागं वडिलांची घोंगडी टांगली. तरीही संध्याकाळी ट्यूबखाली फोटो धरला की त्यात हिरवट झाक दिसायची. मी मॉनिटरवर हिरवा कमी करायची, सकाळी बघावं तर फोटो गुलाबी. असं आठ-दहा दिवस चाललं. मग एकदम आई आठवली. आमच्याकडे लोकर निवडायचं काम आईचं. काळ्या लोकरीतही काळे अनेक. उन्हानं भुरकट झालेली, करडी, जांभळट काळी. आई मूठभर लोकर घेऊन उंबऱ्यावर जायची आणि तिथंच ठरवायची. मी घरात बसून निवडायला लागले की ओरडायची, "घरात समदंच काळं दिसतंय. दारात ने!" साडीच्या दुकानातही ती साडी घेऊन थेट रस्त्यावर यायची, दुकानदाराचा नोकर मागं धावायचा. मला तेव्हा लाज वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो गॅलरीत नेला. पडद्याकडे बघायचं, गॅलरीत जायचं, परत यायचं. एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेवंती जुळली. मी अक्काला फोन करून सांगितलं.

"म्हंजी आईनं सांगितल्यालं कळाय तुला एवढा कांपुटर लागला व्हय?" अक्का म्हणाली. "ए मास्तरीण, पगार परत दे जा कॉलेजाला."

तिच्या मागं दुकानात कुणीतरी तमिळमध्ये बोलत होतं. ती तिकडे तमिळमध्ये काहीतरी ओरडली आणि पुन्हा माझ्याशी माणदेशी बोलायला लागली, जणू मधे उंबराच नव्हता.

मग मी आईनं दिलेला फोटो स्कॅन करून घेतला. पडद्यावर तो मोठा झाल्यावर आणखीच तांबडा दिसला. जुने रंगीत फोटो असेच होतात, एक रंग उडाला की दुसरा वर येतो, हे मी वाचलं होतं. त्यामुळं लाल म्हणजे वयाचा डाग, तो काढायचा, यात मला काही विचार करण्यासारखं वाटलंच नाही. मी लाल कमी करत गेले. हळूहळू अक्काची साडी फिकट निळ्या, आनंदी रंगाची निघाली. मागची भिंत चुन्याची पांढरी झाली. आईचं कपाळ, नाकातली चमकी. आणि अक्काचा चेहरा, सावळा, तोंड उघडं, दात दिसतायत. हसणारी अक्का. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते.

मग बाकीचे डाग. फोटोला एका कोपऱ्यात घडी पडली होती, ती भरली. बुरशीचे ठिपके काढले. अक्काच्या गालांवर फिकट बारीक रेघा होत्या, उजव्या डोळ्याखाली दोन, डाव्याखाली एक. फोटोचा वरचा थर तडकला असेल असं मला वाटलं. शेजारच्या कातडीचा रंग घेऊन मी त्या भरल्या. दोन दुपारी गेल्या त्यात. गालाची गोलाई बिघडू नये म्हणून मी श्वास रोखून काम करत होते. शेवटी गाल इतका स्वच्छ झाला की कुठं काय होतं ते मलाच सापडेना. फोटो छापला, गॅलरीत नेला. पडदा आणि कागद तंतोतंत जुळले होते. एवढं समाधान मला बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हाही झालं नव्हतं.

विट्याला गाडी बदलून म्हसवडला पोचले तेव्हा उन्हं कलली नव्हती. आईनं फोटो हातात घेतला आणि सवयीनं दारात गेली. मी मागं उभी राहिले. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती फोटो जवळ नेत होती, लांब नेत होती.

"ह्यो कंच्या दिसाचा?" तिनं विचारलं.

"तोच की गं. तू दिला होतास तोच."

"त्यो न्हाई ह्यो. त्यात गुलाल हुता."

मला काही कळलं नाही.

"आगं, रथाच्या दिसाचा फोटू हाय त्यो! रथ गल्लीतनं गेला आन् फोटूवाल्यानं काढला. समदी तांबडी झाल्याली आमी. केसं सुदीक दिसत न्हवती. गुलाल कुटं गेला?" तिनं माझ्याकडे बघितलं. "तू पुसलास?"

मी म्हसवडची आहे. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, चार-चार दिवस कानातून गुलाल निघतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी रथाच्या दुसऱ्या दिवशी आमची शाळाच्या शाळा गुलाबी असायची. आणि मला तांबडा फोटो बघून गुलाल आठवला नाही. पुस्तकात वाचलेलं आठवलं.

"आन् गाल कुनाचं ह्ये?" आई बोट टेकवून म्हणाली. "हितं वगळ हुते. ती रडली हुती."

"हसतीय की ती."

"आदी हसली." आई उंबऱ्यावर बसली. "रथ झाला की चौथ्या दिशी सासरची मानसं तिला न्हेनार हुती तिकडं. म्या कवा गुलाल खेळत न्हाई, तुला म्हाईत हाय. त्या दिशी म्या दोनी हातांनी तिच्या गालाला लावला. म्हनलं, देवाचा गुलाल लावून जा, म्हंजी परत येशील. तर हसाय लागली. 'आये, तू बी?' म्हनाली. आन् हसता हसता फुटली. त्ये पानी गुलालातनं वगळलं. तवाच त्यानं फोटू काढला, मेल्यानं."

मी दोन दुपारी श्वास रोखून जे पुसलं होतं, ते ते होतं.

"तू कुटं हुतीस तवा?" आईनं विचारलं. टोमणा नव्हता तो. ती खरंच आठवत होती.

"साताऱ्याला."

"व्हय की. परीक्षा हुती तुजी."

परीक्षा नव्हती. सत्राची चाचणी होती. ती चुकवली असती तरी चाललं असतं. पण मी गावातली प्रथम श्रेणीत पास होणारी मुलगी होते, मला एकही चाचणी चुकवायची नव्हती. अक्कानंच निरोप धाडला होता, "तू नको येऊ, अभ्यास कर, मी काय परदेशाला चालले न्हाई." त्या चाचणीत मला किती गुण पडले ते आज आठवत नाही. विषयसुद्धा आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अक्काला दोन्ही फोटो पाठवले, मूळचा आणि मी केलेला. तिनं लगेच फोन केला.

"ह्यो दुसरा लय भारी झालाय गं. गोरी दिसतीया मी."

"अक्का, तुझ्या मोबाईलचा रंग कसा आहे?"

"काळा."

"तसं नव्हे. स्क्रीनवर रंग पिवळट दिसतात का, निळे?"

"दिसतात तसं दिसतात. तुला काय इचारायचं हाय?"

"पहिल्या फोटोत तुझ्या गालावर ओघळ आहेत. आई म्हणते, तू रडत होतीस."

"घाम हुता त्यो."

"मार्गशीर्षात?"

"गर्दीत येतुय घाम. तुला काय म्हाईत? तू हुतीस का तितं?"

तिला तसं बोलायचं नव्हतं, हे तिच्या श्वासावरून मला कळत होतं. "चल, गिऱ्हाईक आलंय," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मागं दुकानात कुणाचा आवाज नव्हता.

सांगलीला येऊन मी पुन्हा बसले. मूळ फोटो जसाच्या तसा ठेवला होता, ते बरं झालं. ओघळ परत आणायला काहीच करावं लागलं नाही, माझं काम काढून टाकायचं एवढंच. अडचण तांबड्याची होती. या तांबड्यात दोन तांबडे होते. एक त्या दिवशी हवेत उडालेला, आणि एक वीस वर्षांत कागदावर चढलेला. पहिला ठेवायचा, दुसरा काढायचा. पण ते एकमेकांत इतके मिसळलेले की कुठल्या सूत्रानं वेगळे करायचे? मी माप शोधत होते. जिथं गुलाल पोचलाच नसेल अशी एखादी जागा सापडली, तर तिथला तांबडा केवळ वयाचा. डोळ्यांतला पांढरा भाग बघितला. पण रडून डोळेच लाल झाले असतील तर? ते माप खोटं ठरलं. मग दात घेतले. अक्का हसली होती म्हणून तिचे दात दिसत होते. दात पांढरे होईपर्यंत मी तांबडा उतरवला आणि थांबले. साडी आता आनंदी नव्हती, मातकट गुलाबी होती. भिंत गुलाबी. दोघींच्या केसांत गुलाल. आणि गालांवर, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत, खालची सावळी कातडी दाखवणारे ते तीन ओघळ. हीच ती जागा, जिथं गुलाल वाहून गेला होता. तिथं अक्काचा खरा रंग होता.

दातांवरही माझा पुरता भरवसा नव्हता. त्या दिवशी तोंड उघडून सगळे ओरडत असतात, गुलाल दातांतही जातो. म्हणून मी थोडे कमी-जास्त तांबडे असे पाच फोटो छापले आणि पुढच्या सुट्टीत आईकडे नेले.

आईनं पाचही उंबऱ्यावर मांडले, लोकर मांडायची तसे. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. मग आत जाऊन देव्हाऱ्यातली गुलालाची वाटी घेऊन आली आणि फोटोशेजारी ठेवली. जुळला नाही.

"ह्यो आताचा गुलाल," ती म्हणाली. "लय गुलाबी. तवाचा जरा दाट असायचा." मग पुन्हा फोटोंकडे बघून, "का तसा न्हवता? मला बी काय आटवंना."

शेवटी तिनं मधला घेतला. का घेतला ते सांगितलं नाही. वाटीत बोट बुडवलं आणि अक्काच्या दोन्ही गालांवर, ओघळ चुकवून, हळूच टेकवलं. नव्या कागदावर गुलाल लगेच बसला. मी इतके महिने जुळवलेले रंग एका क्षणात बिघडले.

"आता झाला," आई म्हणाली.

तो भिंतीवर लागला. तसाच एक मी अक्कासाठी पाकिटात घातला. आईनं कागदाची पुडी बांधून त्यात मूठभर गुलाल दिला. "ह्यो बी घाल. नुसत्या फोटूला लावून काय व्हतंय?" कुरियरवाला पुडीकडे संशयानं बघत होता. देवाचं आहे म्हटल्यावर त्यानं घेतलं.

आठ दिवसांनी कॉलेज सुटायच्या वेळी अक्काचा फोन आला.

"तुजं पाकीट आलं. पुडी फुटली वाटंत. समदा फोटू तांबडा झालाय. आदी तर कळंना बघ, आई कुटली आन् मी कुटली."

"अगं, कोरड्या फडक्यानं झटक हलकेच. निघेल."

"न्हाई झटकत."

मी स्टाफरूमच्या बाहेर कठड्याला टेकले. फोन कटला की काय म्हणून मी बघितलं. चालू होता.

"घाम न्हवता त्यो," अक्का म्हणाली.

"माहीत आहे."

"तुला काय म्हाईत व्हतंय? पुसलंस की तू!" ती हसली आणि नाक ओढलं. "पर बेस काढलास. आईचं तोंड लय बेस आलंय. तवा मला दिसलंच न्हवतं, माजं डोळं भरल्यालं."

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. त्या चाचणीचं, मागाचं, तिच्या बोटांवरच्या खळीचं. मी एवढंच म्हणाले, "अक्का, मी यायला पायजे हुतं त्या दिशी." किती तरी वर्षांनी माझ्या तोंडून ते तसं, गावाकडच्यासारखं आलं.

"यंदा रथ कवा हाय गं?" तिनं विचारलं.

मी तिला थांबायला सांगितलं, आत जाऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मार्गशीर्ष शोधला आणि तारीख सांगितली. दर वर्षी ती हे विचारते, दर वर्षी "बघू" म्हणते. या वेळी तिनं बघू म्हटलं नाही. फोन तसाच धरून ती तिच्या नवऱ्याशी की दुकानातल्या कुणाशी तमिळमध्ये बोलायला लागली, भरभर, मधेच आवाज चढवून. मला तमिळ येत नाही. त्या सगळ्या बोलण्यातला 'म्हसवड' एवढा एकच शब्द मला कळला.